आर्गॉन वेल्डिंग : नवशिक्यांच्या चुका व त्यांचे निवारण

धातूशी मनुष्याचा परिचय किती जुना आहे, हे पाहण्यासाठी आम्हा प्रकाशेकरांस दूर जावयास नको. तापी व गोमाई यांच्या संगमाजवळील टेकाडाचे उत्खनन १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे श्री. बी. के. थापर यांच्या देखरेखीखाली झाले. तेथे तळच्या थरांत ताम्रपाषाणयुगातील वस्तीचे अवशेष सापडले, आणि त्यांवरच्या थरांत लोखंडाचा वापर दिसून आला. म्हणजे ज्या गावास आपण दक्षिणकाशी म्हणून ओळखतो, तेथील मनुष्य आधी तांबे व मग लोखंड हाताळू लागला होता. त्याच गावचे विद्यार्थी आज शाळा सोडल्यावर औद्योगिक शिक्षणाकडे वळतात आणि त्यांपैकी पुष्कळांस वेल्डिंगचे काम शिकण्याची इच्छा असते. त्यांस उपयोगी पडावे म्हणून वेल्डिंगच्या एका नाजूक व मोलाच्या पद्धतीविषयी, आणि ती शिकताना नवशिक्यांकडून नेहमी घडणाऱ्या चुकांविषयी, येथे दोन शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी आपल्या ओळखीच्या तीन कारागिरांकडे पाहू. सोनार दागिन्यास डाग देण्यापूर्वी त्या जागी टाकणखार लावतो. कल्हईवाला, जो आता विरळाच दृष्टीस पडतो, तांब्यापितळेचे भांडे तापवून त्यात नवसागर टाकतो व कापसाच्या बोळ्याने ते पुसून मगच कथील फिरवितो. लोहार दोन तुकडे पांढरे होईतो तापवून ठोकून जोडतो, तेव्हा त्यांवर वाळू अथवा टाकणखार टाकतो. तिघांची कामे वेगळी, परंतु तिघांचा शत्रू एकच. तो शत्रू म्हणजे हवा. धातू तापला की हवेतील प्राणवायूशी त्याचा संयोग होतो व त्याच्या अंगावर ऑक्साइडचा पापुद्रा चढतो. तो पापुद्रा मध्ये आला तर जोड बसत नाही. बसलाच तर टिकत नाही. टाकणखार, नवसागर व वाळू ही सारी त्या पापुद्र्यास विरघळविण्याची किंवा दूर ठेवण्याची साधने होत. एवढे एक तत्त्व ज्याच्या मनात पक्के ठसले, त्यास पुढील सर्व विवेचन सोपे जाईल.

ही पद्धती म्हणजे काय

ह्या पद्धतीचे नाव टंग्स्टन इनर्ट गॅस वेल्डिंग असे आहे. आद्याक्षरांवरून तिला टिग म्हणतात, आणि आपल्याकडील कारखान्यांत ती आर्गॉन वेल्डिंग ह्या नावानेच प्रसिद्ध आहे. साध्या रॉड वेल्डिंगमध्ये हातातील रॉड स्वतःच वितळून जोडात भरतो व त्यावरील लेपाचा धूर आणि मळी हवेस दूर ठेवतात. टिगमध्ये तसे नाही. येथे टॉर्चच्या तोंडाशी टंग्स्टन धातूची एक बारीक सळई असते. टंग्स्टन ३४२२ अंश सेल्सियसला वितळतो व लोखंड १५३८ अंशांस. म्हणून सळई वितळत नाही, ती केवळ विजेची ज्योत धरून ठेवते. त्या ज्योतीने कामाच्या धातूचे एक लहानसे डबके तयार होते. त्यात भर घालावयाची असल्यास दुसऱ्या हाताने फिलरची तार घालावी लागते. टॉर्चच्या टोकास चिनीमातीसारख्या पदार्थाचा कप असतो. सळईभोवतीच्या ह्या कपातून आर्गॉन वायू वाहत राहतो आणि डबके, तारेचे टोक व सळई ह्या तिघांवर अदृश्य छत्र धरतो. येथे लेप नाही, मळी नाही, धूरही फारसा नाही. जे काही रक्षण आहे, ते ह्या वायूचे.

आर्गॉन हा हवेतच असतो. शंभर भागांत एका भागाहून किंचित कमी. १८९४ साली लॉर्ड रॅले व विल्यम रॅम्झी ह्या ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी तो शोधून काढला. तो कोणत्याही मूलद्रव्याशी सहजासहजी संयोग पावत नाही, म्हणून आळशी ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास हे नाव मिळाले. त्याचा हा आळसच वेल्डरच्या उपयोगी पडतो. अमेरिकेत नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी १९४१ च्या सुमारास ही पद्धती सिद्ध केली, तेव्हा त्यांनी हीलियम वायू वापरला होता. विमानासाठी मॅग्नेशियम ह्या चटकन पेट घेणाऱ्या धातूचे जोडकाम करावयाचे होते व जुन्या पद्धतींनी ते साधत नव्हते. हीलियमचा माग तर प्रथम सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील एका पिवळ्या रेषेवरून लागला. ज्या १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणापासून ह्या शोधास आरंभ झाला, ते पाहण्यासाठी जान्सेन हे फ्रेंच शास्त्रज्ञ आपल्या देशात गुंटूर येथे आले होते. रसायनशास्त्राच्या तासाला निष्क्रिय वायूंचा रकाना पाठ करून पुस्तक मिटणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे की, त्या रकान्यावर हजारो कारागिरांची भाकरी अवलंबून आहे.

ही पद्धती सर्वत्र वापरावी असे मात्र नाही. तापीवरील बंधाऱ्याच्या दारांसारखे जाड पोलादी काम असेल तर रॉडने किंवा अन्य पद्धतीने ते लवकर व स्वस्तात होते. टिगचे क्षेत्र म्हणजे पातळ पत्रा, स्टेनलेस स्टीलच्या नळ्या, दुधाच्या टाक्या, ॲल्युमिनियमचे भाग आणि जाड नळ्यांच्या जोडाचा सर्वांत आतला पहिला थर. जेथे जोड स्वच्छ, बारीक व गळतीरहित हवा, तेथे हिचे काम.

ज्योत पेटण्यापूर्वीच्या चुका

नवशिक्याची पहिली चूक ज्योत पेटण्यापूर्वीच होते. ती म्हणजे मलिन धातूवर काम आरंभणे. रॉड वेल्डिंग शिकून आलेल्या मुलास थोडा गंज, थोडा रंग, थोडे तेल चालवून घेण्याची सवय असते. कारण रॉडवरचा लेप काही अंशी त्याची भरपाई करतो. आर्गॉन केवळ हवेस दूर ठेवतो. तो मळ धूत नाही. तेलाचा अंश राहिला तर त्याचे वायू बनून जोडात सूक्ष्म भोके पडतात. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजू घासून चकचकीत कराव्यात, ॲसिटोनने पुसाव्यात व पूर्ण वाळल्यावरच काम आरंभावे. फिलरची तारही पुसून घ्यावी, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. स्टेनलेस स्टीलसाठी तारांचा ब्रशही स्टेनलेस व स्वतंत्र असावा. साध्या लोखंडावर फिरविलेला ब्रश त्यावर फिरविल्यास लोखंडाचे कण त्यात रुततात व काही दिवसांनी न गंजणाऱ्या भांड्यावर गंजाचे ठिपके उमटतात.

दुसरी चूक टंग्स्टनच्या सळईस धार लावण्यातली. पेन्सिलीस टोक करतो तसे टोक करावे, आणि घासण्याच्या रेघा सळईच्या लांबीच्या दिशेने जाव्यात. रेघा आडव्या गेल्या तर ज्योत एका जागी स्थिर राहत नाही, भरकटते. टोकाच्या निमुळत्या भागाची लांबी सळईच्या जाडीच्या दोन ते अडीच पट असावी. हे काम ज्या ग्राइंडरवर लोखंड घासतात त्यावर करू नये. वेगळे चाक ठेवावे. सळईच्या टोकास रंगाची खूण असते. तांबड्या खुणेच्या सळईत थोरियम असते व ते किंचित किरणोत्सारी आहे. ती हाताळण्याने मोठे भय नाही, परंतु घासताना उडणारी धूळ श्वासाबरोबर आत जाऊ देऊ नये. आता सोनेरी व निळ्या खुणेच्या लँथॅनमयुक्त आणि करड्या खुणेच्या सिरियमयुक्त सळया मिळतात. विद्यार्थ्यांनी त्याच घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो.

तिसरी चूक विजेच्या निवडीची. लोखंड व स्टेनलेस स्टील यांसाठी एकदिश प्रवाह घेऊन टॉर्च ऋण टोकास जोडावा. त्यामुळे सुमारे दोन तृतीयांश उष्णता कामाकडे जाते व सळई थंड राहते. हीच जोडणी उलट केली तर सळईचे टोक क्षणात वितळून गोळा होते. ॲल्युमिनियमची गोष्ट निराळी आहे. तो धातू ६६० अंशांस वितळतो, परंतु त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांहून अधिक उष्णता मागतो. आत पाणी झालेले व वर कातडे तसेच, अशी अवस्था होते. त्यासाठी प्रत्यावर्ती प्रवाह वापरतात. त्याचा एक फेरा पापुद्रा फोडतो व दुसरा उष्णता देतो. ॲल्युमिनियमवर एकदिश प्रवाह लावून "हा धातू वाहतच नाही" अशी तक्रार करणारे नवशिके पुष्कळ असतात. त्यांनी धातूस दोष न देता यंत्रावरील खटका पाहावा.

चौथी चूक वायूच्या मापाची. वायू जितका अधिक तितके रक्षण अधिक, असा समज सर्वत्र आढळतो. तो चुकीचा आहे. साधारण कपास मिनिटास सुमारे ७ ते १२ लिटर वायू पुरतो. त्याहून फार वाढविला तर वाहणारा वायू घुसळला जातो व बाहेरची हवा आपणच आत ओढतो. खर्च वाढतो तो वेगळाच. गोमाईच्या शांत प्रवाहात तळ दिसतो, परंतु पुराच्या लोंढ्यात सारा गाळ वर येतो, तसेच हे आहे. खानदेशात वैशाखमासी पत्र्याच्या छपराखाली काम करणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. परंतु उकाड्यास कंटाळून अंगावर पंखा सोडला की वायूचे छत्र उडालेच म्हणून समजावे. उघड्यावर काम असेल तर आडोसा करावा. जोड एकाएकी काळा पडू लागला, त्यात भोके दिसू लागली, तर प्रथम वारा, मग नळीची गळती, मग सिलिंडर, ह्या क्रमाने तपास करावा.

ज्योत पेटल्यावरच्या चुका

टॉर्च हाती आला की नवशिक्या भीतीने तो उंच धरतो. ज्योत लांबली की ती पसरते, डबके रुंद व उथळ होते आणि कपातील वायू पुरेसा पोचत नाही. ज्योतीची लांबी सळईच्या जाडीइतकी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या आत, राखावी. टॉर्च जवळजवळ उभा, प्रवासाच्या उलट दिशेस किंचित कललेला असावा. फार आडवा केला तर एका बाजूने वायू निसटतो व दुसऱ्या बाजूने हवा शिरते.

उंची कमी करावयास गेले की त्याच्या उलट चूक घडते. सळईचे टोक डबक्यात बुडते, किंवा तार सळईस लागते. असे झाले की सळईवर परक्या धातूचा थर चढतो, ज्योत वेडीवाकडी होते व टंग्स्टनचा कण जोडात राहून जातो. ह्या प्रसंगी खरी परीक्षा हाताची नसून मनाची असते. पुन्हा उठणे, सळई काढणे, थंड होऊ देणे, तिला धार लावणे, ह्याचा कंटाळा येतो, आणि "चालते तोवर चालवू" असे मनुष्य म्हणतो. तसे चालविलेले काम जाणत्याच्या नजरेस तत्काळ पडते. दिवसातून वीस वेळा टोक बुडाले तर वीस वेळा धार लावावी. शिकण्याच्या काळी ह्यात लाज नाही. धार लावलेल्या पाच-सहा सळया आधीच जवळ ठेवाव्यात, म्हणजे कंटाळ्यास निमित्त उरत नाही.

फिलरची तार घालण्यातही एक चूक सर्वसाधारण आहे. तार ज्योतीत धरून तिचे थेंब पाडावयाचे नसतात. डबक्याच्या पुढच्या कडेस तारेचे टोक हलकेच टेकवावे. डबके ते आपणच ओढून घेते. नंतर तार किंचित मागे घ्यावी, परंतु वायूच्या छत्राबाहेर नेऊ नये. तप्त टोक छत्राबाहेर गेले की त्यावर ऑक्साइड चढतो आणि पुढच्याच टेकवणीस तो मळ आपण जोडात कालवितो. तारेची जातही कामाप्रमाणे हवी. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला ३०८एल, ३१६ ला ३१६एल, आणि स्टेनलेस स्टील साध्या पोलादास जोडावयाचे असेल तर ३०९एल घेण्याचा प्रघात आहे. पेटीतील हाती लागेल ती तार उचलणे हे स्वयंपाकात मीठ समजून खडीसाखर टाकण्यासारखे होय.

उष्णतेच्या बाबतीत नवशिक्याचा तर्क असा असतो की, विद्युत्प्रवाह कमी ठेवला म्हणजे पत्रा जळणार नाही. वस्तुतः होते उलटे. प्रवाह अपुरा असला तर डबके बनण्यास वेळ लागतो, मनुष्य तेथेच रेंगाळतो आणि तेवढ्या वेळात उष्णता चहूकडे पसरून पत्रा वाकतो. पोलादास दर मिलिमीटर जाडीमागे सुमारे ३० ते ४० अँपियर, हे आरंभी धरावयाचे माप होय. डबके दोन-तीन सेकंदांत तयार व्हावे व आपण पुढे सरकावे. स्टेनलेस स्टीलमध्ये तर रेंगाळण्याचे फळ अधिक वाईट असते. हा धातू गंजत नाही तो त्यातील क्रोमियममुळे. सुमारे ४५० ते ८५० अंशांच्या दरम्यान तो फार वेळ राहिला तर क्रोमियम कार्बनशी संयोग पावून अडकून बसते व जोडालगतची पट्टी गंजास उघडी पडते. जोडाचा रंग पाहून हे ताडता येते. चंदेरी किंवा फिकट सोनेरी रंग उत्तम. निळा व जांभळा सावधगिरी सुचवितो. करडा व काळा म्हणजे उष्णता फार झाली अथवा वायू कमी पडला.

काम संपतानाच्या व न दिसणाऱ्या चुका

शेवटच्या टोकाशी पोचताच नवशिक्या सुटकेचा निःश्वास टाकून टॉर्च उचलतो. ज्योत विझली, परंतु धातू अजून लाल आहे. टॉर्च उचलताच हवा त्यावर तुटून पडते. सळईचे टोकही निळेकाळे होते. म्हणून ज्योत विझल्यावर टॉर्च जागीच धरून ठेवावा व वायू काही सेकंद वाहू द्यावा. दर दहा अँपियरमागे सुमारे एक सेकंद, असा अंदाज धरतात. तसेच प्रवाह एकदम तोडू नये, हळूहळू उतरवावा. एकदम तोडल्यास डबके मध्यभागी आक्रसून खळगा पडतो व त्यात बारीक चीर राहते. त्या चिरेतून पुढे गळती सुरू होते.

आता एका अशा चुकीविषयी, जी बाहेरून दिसतच नाही. स्टेनलेस स्टीलची नळी जोडताना कारागीर बाहेरून वायूचे छत्र धरतो. परंतु नळीच्या आतल्या बाजूसही तोच धातू तितकाच तापलेला असतो आणि तेथे हवा भरलेली असते. मग आत काळसर, खरबरीत, दाणेदार पापुद्रा उठतो. साखरेच्या खड्यांसारखा दिसतो म्हणून वेल्डर मंडळी त्यास शुगरिंग म्हणतात. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगर येथे सहकारी साखर कारखाना आहे; आमच्या परिसरातील मुलांस साखर म्हटली की उसाचीच आठवण व्हावयाची. ही साखर मात्र कडू आहे. दुधाच्या किंवा रसाच्या नळीत असे दाणे राहिले तर त्यांच्या कपाऱ्यांत अन्न साचते, जंतू वाढतात व नळी आतून कुजते. उपाय सोपा आहे. नळीची दोन्ही टोके बंद करून, एका टोकास लहान छिद्र ठेवून, आतूनही आर्गॉन सोडावा व आतील हवा निघून गेल्यावरच ज्योत पेटवावी. ह्यास वायू व वेळ दोन्ही अधिक लागतात, आणि बाहेरून पाहणाऱ्यास केलेले व न केलेले काम सारखेच दिसते. म्हणूनच ते टाळण्याचा मोह होतो. ज्या घरातील मूल ते दूध पिणार, त्या घरचे लोक नळीच्या आत डोकावून पाहू शकत नाहीत. त्यांच्या वतीने पाहण्याचे काम वेल्डरचे आहे.

देहरक्षण

टिगची ज्योत धूर करीत नाही म्हणून ती निरुपद्रवी वाटते. तो समज घातक होय. तिच्यातून निघणारे अतिनील किरण डोळ्याच्या बाह्य पटलास भाजतात. त्या वेळी काहीच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू पडल्यासारखी आग होते. अशा वेळी बटाट्याच्या चकत्या बांधून बसण्यापेक्षा डॉक्टरांकडे जावे. आणि मुळात १० ते १२ क्रमांकाची काच, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा व कोरडे हातमोजे यांवाचून टॉर्चला हात लावू नये. काम पाहणाऱ्या सोबत्यासही काच हवी. धाकट्या भावंडांस तेथे उभे करू नये.

दुसरे भय वायूंचे. आर्गॉन विषारी नाही, परंतु तो हवेहून जड असून त्यास रंग वा वास नाही. टाकीत, खड्ड्यात किंवा बंद खोलीत तो साचला की प्राणवायूस बाहेर लोटतो, आणि आतील मनुष्य काही कळण्यापूर्वीच बेशुद्ध होऊन पडतो. त्यास वाचविण्यासाठी धावत आत शिरणारा दुसराही तसाच पडतो. टाकीत एकट्याने कधीही उतरू नये. बाहेर माणूस उभा असावा, आत ताजी हवा खेळती असावी आणि प्राणवायू मोजण्याचे यंत्र जवळ असावे. क्लोरिनयुक्त द्रावाने पुसलेल्या धातूवर ज्योत पेटविल्यास फॉस्जीन नावाचा प्राणघातक वायू बनू शकतो. म्हणून तसले द्राव वापरू नयेत. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या धुराने थंडीताप भरतो. तो मुलामा जोडाच्या जागी आधी काढावा. सिलिंडर साखळीने भिंतीस बांधलेला असावा. आत सुमारे दीडशे वातावरणांचा दाब असतो. तो आडवा पडून त्याचे तोंड मोडले तर त्याचा गोळाच सुटतो.

अभ्यासाचा क्रम

चुका समजल्याने हात तयार होत नाही. त्यास सराव हवा. पहिले काही दिवस दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यावर तार न घेता केवळ डबके चालवावे. ते एकाच रुंदीचे व सरळ रेषेत चालू लागले म्हणजे तार घ्यावी. नंतर कोपऱ्याचा जोड, मग समोरासमोरचा, मग नळी. आणि ॲल्युमिनियम सर्वांच्या शेवटी. दर दिवशीच्या कामातील एक तुकडा करवतीने आडवा कापून पाहावा व एक व्हाइसमध्ये धरून वाकवावा. वरून सुंदर दिसणारा जोड वाकविताच उकलला, तर त्याने आपणास न रागावता खरे सांगितले असे समजावे. वहीत प्रवाह, वायूचे माप, सळईची जाडी व मिळालेला रंग टिपून ठेवावा. प्रयोगशाळेत निरीक्षणे लिहिण्याची जी सवय शाळा लावते, तिचा खरा उपयोग येथे होतो.

ही विद्या कोठवर नेते, हेही सांगितले पाहिजे. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये कारखान्यांत वेतनासह उमेदवारी करता येते. बाष्पकाच्या दाबाखालील भागांवर जोडकाम करणाऱ्या वेल्डरास परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. ह्या विषयीचा १९२३ चा कायदा जाऊन २०२५ साली नवा कायदा आला, परंतु अशिक्षित हाताने बाष्पकास स्पर्श करू नये हे तत्त्व कायम आहे. पुणे जिल्ह्यात वालचंदनगर येथे साखर कारखान्यांची यंत्रे व अग्निबाणांचे भाग एकाच उद्योगसमूहाने बनविले आहेत. उसाच्या रसाची नळी व आकाशात जाणारे यंत्र, दोहोंसही निर्दोष जोडाचीच गरज असते. आमच्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांस पोटासाठी दरवर्षी गाव सोडून परराज्यात मजुरीस जावे लागते. हातात अशी विद्या असलेला तरुण बाहेर गेला तरी मजूर म्हणून जात नाही, कारागीर म्हणून जातो. आणि इच्छा झाली तर परतून आपल्याच गावी दुकान मांडू शकतो.

वर सांगितलेल्या चुका संख्येने पुष्कळ दिसतात, परंतु त्यांचे मूळ शोधू गेल्यास बहुतेक एकाच ठिकाणी सापडते. तप्त धातूपाशी हवा अथवा मळ पोचू दिला, हीच ती चूक. आणि ती घडते उतावळेपणामुळे. घासण्याचा कंटाळा, धार लावण्याचा कंटाळा, ज्योत विझल्यावर चार क्षण थांबण्याचा कंटाळा, नळीच्या आत वायू सोडण्याचा कंटाळा. ज्योत पेटलेली असते तो काळ थोडा. जोडाचे भवितव्य ठरते ते तिच्या आधीच्या व नंतरच्या काळात. विद्यार्थ्यांनी हे ध्यानी धरून, जाणत्या गुरूच्या देखरेखीखाली, डोळे व फुप्फुसे जपून ही कला आत्मसात करावी आणि आपल्या हातचा जोड कापून पाहणाऱ्यासही निर्दोष आढळेल असे काम करावे, एवढीच आमची इच्छा आहे.